पुकारूनही गैरहजर

“माझ्या खोलीला दार हवं, मॅडम,” खिस्ती म्हणाले, “पण त्या दाराला आवाज नको.”

मोजपट्टीचे टोक मी भिंतीला दाबून धरले होते आणि तिची डबी खिस्तींच्या हातात होती. माझा मदतनीस त्या दिवशी आला नव्हता, तेव्हा ती त्यांनी आपणहून घेतली होती. आमच्या दोघांमध्ये चौदा फूट पोलादाची पिवळी रेघ ताणलेली होती. मी बोट उचलले असते, तर ती सळसळत त्यांच्या मनगटावर गेली असती. मी बोट उचलले नाही. चौदा फूट दोन इंच, असे त्यांनी वाचून सांगितले आणि मी ते वहीत लिहून घेतले.

त्यांच्या मागण्या मोठ्या नव्हत्या. उंच पाठीची खुर्ची, टेबलावर काच, काचेखाली हिरवे कापड आणि बाहेर पितळी पाटी: मु. वा. खिस्ती, अधीक्षक. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. तेहतीस वर्षे या इमारतीत दुसऱ्यांच्या पुढ्यात बसून लिहिले, आता शेवटचे काही महिने तरी स्वतःच्या दाराआड बसावे, एवढीच इच्छा आहे, असे ते म्हणाले. ते खरे बोलत होते, हे मला कळले आणि बरे वाटले. ज्याला काहीच नको असते, त्याच्याकडून काढून काय घेणार?

या गोष्टीला आता चौदा वर्षे झाली. नदीकाठच्या त्या तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायालयाची काळ्या दगडाची इमारत होती. तिची न्यायदालने तशीच ठेवायची होती. मागचा कार्यालयाचा भाग मात्र नव्याने उभा करायचा होता. नाझराची खोली, नकलांची खोली, दाव्यांची खिडकी, अभिलेख कक्ष, मधले बोळ, बोळांतली कपाटे, कपाटांवरची धूळ, हे सगळे जाऊन तिथे एकच लांबरुंद, उजेडाचे दालन यायचे होते. मी तोवर बँकांची आणि विमा कंपन्यांची कार्यालये आखत आले होते. न्यायालयाचे काम मी मागून घेतले. माणसांना उजेडात बसवण्याची कला मला येते, असे मी मुलाखतीत सांगितले होते. ते खोटे नव्हते.

खिस्तींना मी ओळखत होते. ते मला ओळखत नव्हते. लग्नाने माझे आडनाव बदलले होते, आणि त्यांनी मला पाहिले तेव्हा मी बारा वर्षांची होते. खरे तर त्यांनी पाहिलेही नव्हते.

माझे वडील, अनंत धोंडू चितारी, पाट्या रंगवत. पेठेतला त्यांचा गाळा भाड्याचा होता. एक दिवस घरमालकाने गाळ्याला स्वतःचे कुलूप लावले. आत रंगांचे डबे, ब्रश आणि कुणा डॉक्टरची अर्धी रंगवलेली पाटी राहिली. वडिलांनी ताब्यासाठी दावा लावला. तो सहा वर्षे चालला. सहा वर्षांत ते एकही तारीख चुकले नाहीत. ज्या मंगळवारी दावा संपला, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले होते. साडेदहापासून आम्ही न्यायदालनाच्या दाराशेजारच्या बाकावर बसलो होतो. आमचे वकील शेजारच्या कोर्टात अडकले होते. दारात पट्टेवाला उभा राहतो, पक्षकाराचे पूर्ण नाव तीन वेळा पुकारतो आणि मग आत जायचे असते, हे वडिलांनी मला वाटेत समजावून सांगितले होते. मी ते नाव ऐकायला उत्सुक होते. आमचे नाव इतक्या मोठ्याने कुणी उच्चारलेले मी कधी ऐकले नव्हते.

ते कुणी उच्चारलेच नाही.

मधल्या सुट्टीत वडील आत गेले. न्यायाधीशांच्या खाली बसणारा तरुण कारकून रोजनामे, म्हणजे दाव्यांत त्या दिवशी काय झाले त्याच्या नोंदी, एकत्र बांधत होता. वडिलांनी आपल्या दाव्याचे विचारले. “तुमचं सकाळीच झालं,” तो म्हणाला आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. सुंदर अक्षर होते. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला अक्षर आधी दिसते, अर्थ नंतर. ‘वादी तीन वेळा पुकारूनही गैरहजर. सबब दावा काढून टाकण्यात येत आहे.’ खाली न्यायाधीशांची सही होती.

“साहेब, मी इथंच होतो,” वडील म्हणाले. “दाराशी. ही मुलगी आहे बरोबर.”

कारकुनाने मान वर केली नाही. “कागदावर नाही तुम्ही,” तो म्हणाला.

तो कारकून म्हणजे मुरलीधर वामन खिस्ती.

नंतर वकिलांनी सांगितले, तेव्हा उलगडा झाला. त्या कोर्टात रोज साठ-सत्तर प्रकरणे असत. खिस्ती दहा वाजताच येऊन जुन्या दाव्यांचे रोजनामे आगाऊ लिहून ठेवत: पुकारूनही गैरहजर. कोणी आलाच, तर ते वाक्य खोडायचे. त्या दिवशी पट्टेवाल्याला दुसरीकडे पाठवले होते, पुकारा झाला नाही, वाक्य खोडले गेले नाही आणि गठ्ठ्याबरोबर त्यावर सही झाली. दावा पुन्हा बोर्डावर घ्यावा, असा अर्ज वडिलांनी केला. त्यासोबत प्रतिज्ञापत्र दिले: मी सदर दिवशी न्यायालयात समक्ष हजर होतो. अर्ज नामंजूर झाला. रोजनामा खरा मानायचा असतो. माणसाला मात्र आपले खरेपण सिद्ध करावे लागते. माझी साक्ष कोणी मागितली नाही.

वडील त्यानंतर अकरा वर्षे जगले. दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्याच्या रंगांनी पाट्या रंगवत राहिले. घरी आईने जेवायला हाक मारली, की ते उठत नसत. भिंतीकडे तोंड करून बसलेले असत आणि ऐकत. दुसऱ्या हाकेलाही उठत नसत. तिसरी झाली, की शांतपणे येऊन पाटावर बसत. आई आधी चिडली, मग रडली, मग तिने सलग तीन हाका मारायची सवय करून घेतली. शेजारच्यांना त्याचे हसू येई. इस्पितळातल्या शेवटच्या सकाळी तिने किती हाका मारल्या, ते मी मोजले नाही.

मला खिस्तींकडून एक वाक्य हवे होते: तुमचे वडील हजर होते. आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत, गैरहजर असणे म्हणजे काय, ते त्यांना कळायला हवे होते. मजकडे न्यायासन नव्हते. मजकडे आराखडा होता.

पहिल्या नकाशात मी त्यांची खोली काढली, ईशान्येला, दारासकट. त्यांनी तिच्यावरून तर्जनी फिरवली, जशी बाप बाळाच्या भुवईवरून फिरवतो. त्यानंतर खात्याच्या सूचना येत गेल्या आणि नकाशा सहा वेळा बदलला. प्रत्येक वेळी खोली थोडी हलली. तिसऱ्या नकाशात ती दोन फुटांनी आक्रसली. चौथ्यात तिच्या भिंती काचेच्या झाल्या. सहाव्यात तिच्यात संगणकांची यंत्रे आली आणि टेबल कोपऱ्यात गेले. सातव्यात यंत्रेच उरली. खोलीला दार होते, आणि दाराला आवाज नव्हता.

कोणी म्हणेल, की मी फसवले. तर सांगते. वापरणाऱ्या कार्यालयाची सही प्रत्येक नकाशावर लागत असे, आणि ती खिस्तींची असे. सातवा नकाशा मी त्यांच्यापुढे उलगडून ठेवला आणि म्हणाले, एकदा नीट बघून घ्या. ते म्हणाले, तुमचं काम म्हणजे बघायलाच नको. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि म्हटले, बसण्याच्या जागा तरी मोजून घ्या. त्यांनी कार्यालयातल्या जुन्या कारकून घोरपडेबाईंना मोजायला सांगितले आणि विसरले. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, साहेब, तुमची स्वतःची जागा तरी बघा. ते हसले. त्यांच्या टेबलाच्या खणात शेऱ्याच्या पट्ट्या आगाऊ लिहून ठेवलेल्या होत्या, त्यांतली एक त्यांनी नकाशाच्या कोपऱ्याला चिकटवली: पाहिले, हरकत नाही. खाली सही केली. मी मात्र खरोखर तीन वेळा पुकारले होते.

जागेचा प्रश्न होता तो अभिलेख कक्षाचा. लाल कापडात बांधलेले दप्तर छतापर्यंत गेलेले, आणि त्याने निम्मी इमारत व्यापलेली. हा कक्ष एक तृतीयांशावर आणल्याशिवाय दालन होणार नाही, असे पत्र मी कार्यालयाला दिले. मुदत उलटून गेलेले दावे वर्षानुवर्षे कुणी छाटलेच नव्हते. माझ्या पत्राने ते काम सुरू झाले. दोन महिने घोरपडेबाई नाकाला पदर बांधून याद्या करत होत्या. मग ट्रक आले. लाल गठ्ठे एकामागून एक बाहेर जाताना मी व्हरांड्यात उभी राहून पाहिले. भिंती उघड्या पडत होत्या, उजेड आत येत होता, आणि मला आनंद होत होता.

दालन तयार होत आले, तसे कारकून आपापले संसार घेऊन यायला निघाले. कुणाचे स्टूल, कुणाचे गणपतीचे चित्र, कुणाची लोखंडी पेटी. खिस्तींना शिस्त प्रिय होती. त्यांनी न्यायाधीशांच्या सहीने परिपत्रक काढले: मंजूर आराखड्याबाहेरची कोणतीही वस्तू नव्या दालनात आणू नये. घोरपडेबाई तीस वर्षे एकाच उशीवर बसत आल्या होत्या. “साहेब, माझी कंबर आराखड्यात नाही, ती तरी आणू का?” असे त्यांनी सगळ्यांसमोर विचारले. सगळे हसले, खिस्तीही हसले. उशी मात्र बाहेरच राहिली. जुने फर्निचर त्याच आठवड्यात लिलावात गेले.

उद्घाटनाला जिल्ह्याचे मुख्य न्यायाधीश आले होते. फीत कापली गेली. प्रत्येक टेबलावर नावाची पट्टी होती. सोळा टेबले, सोळा नावे. माणसे आपापले नाव शोधून बसत गेली, खुर्च्या फिरवून पाहू लागली. खिस्तींनी एक फेरी मारली. मग दुसरी. निकालाच्या यादीत स्वतःचा क्रमांक न सापडलेला मुलगा जसा यादी पुन्हा वरून वाचतो, तशी. यंत्रांच्या खोलीचे दार त्यांनी उघडले आणि लावले. आवाज झाला नाही.

मुख्य न्यायाधीशांनी सहज विचारले, “खिस्ती, तुमची जागा कुठली?”

खिस्तींनी माझ्याकडे पाहिले. मी नकाशा उलगडला. कोपऱ्यातला शेरा आणि सही न्यायाधीशांनी चष्मा सारून वाचली. “सही तर तुमचीच आहे,” ते म्हणाले, आणि फार मोठा विनोद झाल्यासारखे हसत पुढच्या टेबलाकडे गेले. मागे कोणी तरुण कारकून पुटपुटला, “साहेबांचा पुकारा झाला, साहेबच गैरहजर.” घोरपडेबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावले, पण त्यांच्याही ओठांचे कोपरे हलले होते.

त्या रात्री मला झोप चांगली लागली.

महिन्याभराने, राहिलेली बारीकसारीक कामे पाहायला मी पुन्हा गेले. खिस्ती व्हरांड्यात पक्षकारांच्या बाकावर बसले होते. मांडीवर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फाईल. कारकून आतून कागद आणत आणि सही घेऊन परत नेत. आराखड्याबाहेरची खुर्ची आत न्यायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःसाठीही मोडला नव्हता. हाताशी पाण्याचा तांब्या होता. त्यांनी बाकावरची फाईल उचलून मला जागा करून दिली. मी बसले.

“एक विचारू का, मॅडम?” थोड्या वेळाने ते म्हणाले. “चूक झाली, की केलीत?”

“केली.”

तारीख मिळालेला माणूस जशी मान हलवतो, तशी त्यांनी हलवली. “कारण?”

हे वाक्य मी सव्वीस वर्षे घोटले होते. मी वडिलांचे पूर्ण नाव घेतले, दारातून घ्यावे तसे, स्पष्ट आणि मोठ्याने. दावा सांगितला, वर्ष सांगितले, वार सांगितला. बाक सांगितला, तो याच भिंतीला होता. आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तो पांढरा पडेल, असे मी धरून चालले होते.

खिस्तींनी डोळे मिटले. ते मनापासून आठवत होते, हे मला दिसत होते. “चितारी,” ते म्हणाले. “ताब्याचा दावा. घरमालक कोण?” मी नाव सांगितले. ते अजून थोडे थांबले. “नाही आठवत,” ते म्हणाले.

“रोजनामे तुम्ही आधीच लिहून ठेवायचात.”

“ठेवायचो की. सगळेच ठेवायचे. नाही तर सत्तर रोजनामे दुपारपर्यंत व्हायचे कसे? कोणी आलं, की खोडायचं.” त्यांच्या स्वरात ना लाज होती, ना बचाव. “खोडायचं राहिलं असेल.”

ज्या माणसाला मी सव्वीस वर्षे रोज रात्री पिंजऱ्यात उभे करत होते, तो त्या पिंजऱ्यात कधी आलाच नव्हता.

“थांबा,” खिस्ती उठत म्हणाले. “असं तोंडी नको. फाईल काढू या. प्रतिज्ञापत्र दिलं होतं म्हणालात ना? ते असेल त्यात.”

मी त्यांच्या मागून गेले. अभिलेख कक्ष आता स्वच्छ होता, पांढरा, फिरत्या कपाटांचा. माझ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. त्यांनी नोंदवही काढली, वर्ष काढले आणि बोट रकान्यांतून खाली आणत दाव्याच्या क्रमांकावर थांबवले. नोंदीपुढे जांभळा शिक्का होता: नष्ट. तारीख काही महिन्यांपूर्वीचीच होती. शेवटच्या रकान्यात घोरपडेबाईंच्या अक्षरात कारण लिहिले होते: जागेअभावी. संदर्भ म्हणून एका पत्राचा क्रमांक होता.

खिस्तींनी बोट त्या क्रमांकावर नेले. “तुमचंच पत्र आहे,” ते म्हणाले. एवढेच. ते टोचून बोलले असते, तर मला सोपे गेले असते.

मी हजर होतो, असे माझ्या वडिलांनी आयुष्यात एकाच कागदावर लिहिले होते. खाली त्यांच्या त्या वळणदार, पाटीवरच्या अक्षरांतली सही होती. तो कागद छत्तीस ट्रकांपैकी कुठल्यातरी एकात गेला होता, आणि तो जाताना मी व्हरांड्यात उभी राहून आनंदाने पाहत होते.

आम्ही बाकावर परत आलो. आतून टंकलेखनाचा नवा, मऊ आवाज येत होता. शेवटी खिस्तींनीच विचारले, मला नक्की काय हवे होते.

“तुम्ही म्हणायला हवं होतं, की ते हजर होते.”

“एवढंच?” ते म्हणाले.

त्यांनी फाईलमधून एक कोरा कागद काढला, पुठ्ठ्यावर ठेवला आणि पेनाचे टोपण उघडले. ‘प्रमाणित करण्यात येते की,’ असे लिहून ते थांबले आणि त्यांनी पूर्ण नाव पुन्हा विचारले. धोंडू दीर्घ की ऱ्हस्व, तेही विचारले. तारीख विचारली. किती वाजल्यापासून, ते विचारले. साडेदहा, मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. ते लिहीत गेले. मांडीवर पुठ्ठा असूनही एक रेघ हलली नाही. तेच सुंदर अक्षर, तोच सरळ शिरोरेघेचा ताण. ‘... हे सदर दिवशी या न्यायालयात समक्ष हजर होते.’ त्यांनी सही केली आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

“तुम्ही पाहिलं होतं त्यांना?” मी विचारले.

“नाही,” खिस्ती म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “पण तुम्ही सांगताय ना.”

कुठल्याही माणसाने, कुठल्याही दिवशी, येऊन सांगितले असते, तर त्यांनी इतक्याच सहजपणे लिहून दिले असते. आणि तरीही त्या इमारतीत आमच्यापैकी कुणाच्या तरी शब्दावर ते पहिल्यांदा विश्वास ठेवत होते. मी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. पुन्हा घातली.

जाताना घोरपडेबाई दारापर्यंत आल्या. आवाज खाली आणून त्यांनी सांगितले, की साहेबांच्या पाठीला त्या बाकावर फार त्रास होतो, पण ते बोलायचे नाहीत. नकाशात एक दुरुस्ती करायची, खिडकीशेजारी एक टेबल दाखवायचे, बस्स. मुख्य न्यायाधीश हरकत घेणार नाहीत. फक्त माझी सही लागेल.

बघते, असे मी त्यांना म्हणाले. दुरुस्तीचा नकाशा त्यांनी पुढच्याच आठवड्यात टपालाने पाठवला; टेबल पेन्सिलीने काढलेले, खुर्ची उंच पाठीची. तो माझ्या टेबलावर पाच महिने पडून होता. खिस्ती निवृत्त झाले, त्या दिवशी मी तो खणात टाकला. सही केली नाही.